‘सगळं सीपीमुळेच’: ओमच्या जांघेतल्या फुगवट्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओम (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) आमच्या केंद्रात पहिल्यांदा आला तेव्हा ११ महिन्यांचा होता. केंद्र म्हणजे तालुक्याच्या गावी एका संस्थेने दिलेल्या तीन खोल्या. एक फिजिओथेरपीची, एक ऑक्युपेशनल थेरपीची, आणि तिसरीत ऑफिस, कपाट आणि पावसाळ्यात कधीच न वाळणाऱ्या मॅट. मी तिथे फिजिओथेरपिस्ट आहे. बालरोगतज्ज्ञ महिन्यातून दोनदा येतात.

जन्माची हकिकत त्याच्या वडिलांनी सांगितली ती अशी: “पायाळू होता. डॉक्टर म्हणाले, थोडी वाट बघू. मग घाईघाईत सिझर केलं. चार-पाच मिनिटं रडलाच नाही. नऊ दिवस काचेच्या पेटीत होता, तिसऱ्या दिवशी झटका आला.” दिवस भरलेले होते, वजन २.२ किलो. डिस्चार्ज कार्डावर जन्मावेळी गुदमरल्याची नोंद, ठळक अक्षरांत ‘बर्थ अ‍ॅस्फिक्सिया’. दोन्ही पाय कडक, हात थोडे कमी कडक, मान डळमळीत, तोंडातून सतत लाळ. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालीत येणारी कायमची अडचण), म्हणजे आमच्याकडे सगळे म्हणतात तसं ‘सीपी’, हे निदान करायला कुणालाच वेळ लागला नाही.

कारण मात्र प्रत्येकाचं वेगळं होतं. वडिलांच्या मते डॉक्टरांनी सिझरला उशीर केला. तक्रार करायची म्हणून त्यांनी कागदांची जाड फाइल बांधली होती. आजीच्या मते सुनेने ग्रहणात भाजी चिरली. शहरातले नातेवाईक नात्यातल्या लग्नाकडे बोट दाखवायचे, कारण ओमची आई म्हणजे त्याच्या वडिलांच्या मामाची मुलगी. आणि गावात कुणाला उसण भरली की तो ओमचा पाय पाठीला लावून घ्यायला यायचा, पायाळू ना तो! ज्याला स्वतःचा पाय उचलता येत नाही त्याच्या पायाचा गुण घ्यायला येणाऱ्या माणसांकडे त्याची आई कशी पाहत असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही.

आम्ही वडिलांच्या बाजूचे होतो. म्हणजे तक्रारीच्या नव्हे, कारणाच्या. उशिरा रडलं, झटका आला, सीपी झाला. सरळ रेघ होती.

आज फाइल उघडली की दिसतं ते असं. तिसऱ्या दिवसाची रक्ताची चिठ्ठी: कॅल्शियम ६.८, म्हणजे कमी. चौथ्या दिवसाची नोंद: हृदयात बारीक छिद्र, सहा महिन्यांनी पुन्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तो इको झालाच नाही. घरच्यांना कुणीतरी ‘आपोआप बुजतं’ म्हणून सांगितलं होतं, आणि बऱ्याचदा बुजतंही. आणि माझ्या स्वतःच्या अक्षरात, पहिल्या भेटीची ओळ: ‘दूध नाकातून येते, सीपीमुळे.’ यातलं प्रत्येक स्वतंत्रपणे खपून जाण्यासारखं होतं. गुदमरलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळात कॅल्शियम बऱ्याचदा उतरतं. गिळायला त्रास असलेल्या सीपीच्या मुलाच्या नाकातून दूध येऊ शकतं. म्हणून कुणी तीन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत.

अडचण

ओम ३ वर्षं ५ महिन्यांचा असताना दोन महिन्यांत त्याचा टाइटनेस एकदम वाढला. आधी मांड्या फाकवून त्याला सीपी चेअरमध्ये बसवता यायचं, आता पाय कात्रीसारखे आवळलेले. स्ट्रेचिंगला हात लावला की किंचाळायचा. रात्री झोप नाही. आईने दोनदा विचारलं, “मॅडम, एवढा का रडतो?” मी म्हटलं, “वाढीचं वय आहे ताई, हाडं वाढतात, स्नायू मागे राहतात.” ते खोटं नव्हतं. पण ते उत्तर मी तपासून दिलेलं नव्हतं, सवयीने दिलेलं होतं.

खुब्याचा एक्स-रे काढला. सांधा थोडा सरकलेला होता, पण एवढं दुखावं असा नाही. पुढच्या महिन्यात जवळच्या शहरात बोट्युलिनम इंजेक्शनचं (कडक स्नायू ढिले करणाऱ्या) शिबिर होतं. त्यात ओमचं नाव घातलं.

समोरचे पर्याय

आमच्या तिघांच्या बैठकीत तीन गोष्टी निघाल्या. स्नायू ढिले करणाऱ्या बॅक्लोफेन या औषधाचा डोस वाढवायचा. किंवा शिबिराची वाट पाहून मांड्यांच्या आतल्या स्नायूंत इंजेक्शन द्यायचं. तिसरं बालरोगतज्ज्ञांनी फोनवर सांगितलं: अचानक वाढलेला टाइटनेस हा बहुतेक वेळा कसल्यातरी दुखण्याचा निरोप असतो, तेव्हा आधी दुखणं शोधा. बद्धकोष्ठ, लघवीतला जंतुसंसर्ग, दाढ, कान, लक्षात न आलेलं फ्रॅक्चर, जांघ.

खरं सांगायचं तर मला पहिला पर्याय सोयीचा वाटत होता. डोस वाढवला की काहीतरी केल्यासारखं होतं. पण बॅक्लोफेनने ओमची मान आणखी ढिली पडली असती आणि गिळणं आणखी बिघडलं असतं, म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टने विरोध केला. इंजेक्शनला अजून तीन आठवडे होते. उरलं ते शोधणं.

शोध लागला तो आजीमुळे. ती त्या दिवशी पहिल्यांदाच सोबत आली होती. मी यादीप्रमाणे शी-शूचं विचारत होते, तेव्हा ती मधेच म्हणाली, “अंघोळीला घातला की दिसतं की. रडला की डाव्या जांघेत लिंबाएवढं फुगतं, निजला की जातं. मी सुनेला म्हटलं होतं.”

सून खाली मान घालून उभी. सांगायला लाज वाटली होती तिला, आणि आम्ही कुणी विचारलंही नव्हतं. अडीच वर्षं आठवड्यातून दोनदा मी या मुलाचे पाय हाताळत होते, पण नेहमी चड्डीवरून. डायपर काढून मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं तेव्हा डावीकडे हर्निया होता आणि त्या बाजूची वृषणाची गोळी अंडकोषात नव्हती. आणि मी त्याच जांघेवर जोर देऊन स्ट्रेचिंग करत होते.

काय केलं, आणि कुठे अडलो

पहिली गोष्ट तिथेच सांगितली: फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी गाडी करायची. शिबिरातलं नाव काढलं, त्या बाजूचं स्ट्रेचिंग थांबवलं.

सीपीच्या मुलांत गोळी न उतरण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. सीपी जेवढा तीव्र आणि जन्मजात व्यंगं जेवढी जास्त, तेवढं हे अधिक आढळतं. शिवाय गोळी वर ओढणारा स्नायू कडक असला तर उतरलेली गोळीही पुढे वर सरकू शकते. म्हणजे जन्माच्या वेळी ‘ठीक’ अशी खूण असली तरी पुन्हा पाहावं लागतं. ऑपरेशनचं योग्य वय साधारण सहा ते अठरा महिने. ओमला आधीच उशीर झाला होता.

निर्णयाचा पहिला खरा क्षण दुसऱ्या दिवशी आला. तालुक्यातल्या एका सर्जनने दाखवल्याबरोबर सांगितलं, उद्या सकाळी उपाशीपोटी आणा, हर्निया आणि गोळी दोन्ही एकदम करतो. वडील तयार होते. खर्च आवाक्यात, अंतर कमी, आणि मुलाचं रडणं थांबणार होतं. बालरोगतज्ज्ञ मात्र अडून बसले. त्यांनी ओमला नखशिखांत तपासलं, टॉर्च लावून तोंडात पाहिलं आणि विचारलं, “याच्या नाकातून अजूनही येतं का?” येत होतं. पडजीभ दुभंगलेली होती आणि टाळूच्या मध्यभागी, वरच्या त्वचेखाली, स्नायू जुळलेले नव्हते. वरवर टाळू अखंड दिसतो, म्हणून असा दुभंग वर्षानुवर्षं सुटतो. ‘सीपीमुळे’ हे माझं कारण तिथे पडलं, निदान अर्धं तरी.

मग त्यांनी फाइल मागून पुढे वाचली. छिद्र, कॅल्शियम, टाळू, गोळी. त्यांनी तीन तपासण्या लिहिल्या: इको, पोटाची सोनोग्राफी, आणि रक्तातलं कॅल्शियम. नुसती गोळी उतरली नसेल तर सोनोग्राफीचा फारसा उपयोग नसतो, सर्जनचा हात जास्त सांगतो. पण शरीराच्या दोन-तीन वेगवेगळ्या भागांत जन्मजात दोष दिसले की मूत्रपिंडं पाहून घ्यावीत. वडील चिडले. “भुलेसाठी आलोय, तुम्ही नवीन आजार काढताय.” मला त्यांचा राग बरोबर वाटला. तीन वर्षं त्यांच्या मुलाला कुणी नीट पाहिलं नव्हतं आणि आता सगळे एकदम पाहत होते.

निकाल असे आले. हृदयातलं छिद्र अगदी बारीक उरलेलं, भुलेला आडकाठी नाही. डावं मूत्रपिंड मुळातच नाही, उजवं चांगलं. कॅल्शियम ७.१, त्याचं नियंत्रण करणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरकही कमी. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी भूल दिली असती तर कमी कॅल्शियममुळे टेबलावरच झटका येण्याचा किंवा हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका होता.

ओमला जिल्ह्याबाहेरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप देऊन पातळी वर आणायला बारा दिवस लागले, मग ऑपरेशन झालं. हर्निया शिवला, गोळी खाली आणून बसवली, त्याच भुलेत कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टाळू नीट तपासला. शासकीय योजनेतून झाल्यामुळे ऑपरेशनचा खर्च पडला नाही. राहण्या-खाण्याचा पडलाच, बारा दिवस आणि पुढचे आठ.

कारणाचा प्रश्न

इथून पुढचा भाग घरच्यांना सर्वांत जड गेला, आणि आम्हालाही.

सीपी म्हणजे जन्मावेळी गुदमरणं, ही समजूत जुनी आहे. लंडनच्या विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये कठीण बाळंतपणाचा आणि मुलांच्या कडक स्नायूंचा संबंध मांडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (तेच, मनोविश्लेषणाआधी ते मज्जातंतूंचे डॉक्टर होते) उलटी शंका घेतली: बाळंतपण कठीण होणं हाच गर्भात आधी बिघडलेल्या कशाचा तरी परिणाम असेल तर? जवळजवळ शतकभर ती शंका बाजूला पडून राहिली. १९८६ मध्ये करिन नेल्सन आणि जोनास एलनबर्ग यांनी अमेरिकेतल्या ५० हजारांहून अधिक गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या. सीपी झालेल्या मुलांपैकी २१ टक्क्यांत गुदमरल्याची निदान एक खूण होती. पण जन्मजात मोठं व्यंग, कमी वजन, लहान डोकं किंवा दुसरं काही स्पष्टीकरण असलेली मुलं वगळली तेव्हा ९ टक्केच उरली.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला ओमनंतर कळली, आणि ती वाचताना मी थांबले. पायाळू असण्याचा सीपीशी संबंध दिसला, पायाळू बाळंतपण होण्याचा दिसला नाही. आणि सीपी झालेल्या पायाळू मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत मेंदूबाहेरचं मोठं जन्मजात व्यंग होतं. गर्भ पोटात नीट हालत नसेल, त्याची घडणच वेगळी असेल, तर तो डोकं खाली करून वळत नाही. म्हणजे पायाळूपण हे कारण असण्याऐवजी खूण असू शकतं. युरोपातल्या सीपी नोंदवह्यांतही सुमारे १२ टक्के मुलांत जन्मजात व्यंग नोंदलेलं आहे. त्यातली बहुतेक मेंदूची, बाकीच्यांत हृदय, टाळू-ओठ, हातपाय यांची ठळक संख्या.

ओमचा पूर्वी फक्त सीटी स्कॅन झाला होता, चौथ्या महिन्यात, ‘नॉर्मल’. आता एमआरआय झाला. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या घड्या नेहमीसारख्या नव्हत्या, बारीक आणि दाट होत्या. ही घडण बिघडते ती साधारण गर्भारपणाचा सहावा महिना संपायच्या आत. ओमची लाळ, गिळण्याचा त्रास आणि कडकपणा या घड्यांच्या जागेशी जुळत होता.

मुंबईतल्या जनुकतज्ज्ञांना फाइल दाखवली तेव्हा त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत अंदाज बांधला: २२ व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा नसणं, म्हणजे २२क्यू११ डिलीशन. टाळू, हृदय, मूत्रपिंड, कॅल्शियम, हर्निया, मेंदूच्या घड्या, हे सगळं एका दोरीत ओवणारी ती गोष्ट. चाचणीला योजना लागू नव्हती. वडिलांनी दोन बोकड विकले. अहवाल आला, तुकडा नव्हता, म्हणजे अंदाज खरा ठरला.

नात्यातलं लग्न? त्याचा संबंध नव्हता. बहुतेक घरांत, दहापैकी नऊ वेळा, हा बदल मुलातच नव्याने होतो. आई किंवा वडिलांत तो असेल तर मात्र पुढच्या प्रत्येक गर्भारपणात निम्मी शक्यता असते, म्हणून दोघांचं रक्त तपासलं. दोघांतही नव्हता. पुढच्या बाळाला धोका फारच कमी, पण शून्य नाही, असं तज्ज्ञांनी सांगितलं.

आई एवढंच म्हणाली, “म्हणजे भाजी चिरल्याचं नव्हतं ना, मॅडम?”

वडिलांचे प्रश्न दोन होते. “मग याला सीपी नाहीच का?” आहे. सीपी हे चालण्या-हालण्यातल्या अडचणीचं नाव आहे, कारणाचं नाही; वाढत्या मेंदूत कशामुळेही कायमचा बिघाड झाला तरी तेच नाव. त्यामुळे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रात, थेरपीत काही बदल नाही. दुसरा प्रश्न: “आणि डॉक्टरांची चूक?” आम्ही सांगितलं की मेंदूची घडण बाळंतपणाच्या कितीतरी आधी बिघडली होती. सिझरच्या उशिराने त्यात भर घातली की नाही, हे एमआरआय सांगू शकत नाही. कुणाला दोषमुक्त करणं आमचं काम नव्हतं. वडील बराच वेळ गप्प होते. मला वाटतं, राग धरायला एक माणूस होता तोवर त्यांना सोपं होतं.

परिणाम

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत ओम रात्री झोपू लागला. मांड्या पूर्वीइतक्या फाकतात, चेअरमध्ये ४० मिनिटं बसतो. बोट्युलिनमची गरज सध्या पडलेली नाही. तो चालत नाही आणि चालेल असं आम्ही कुणाला सांगितलेलं नाही. टाळूचं ऑपरेशन करायचं का हे ठरलेलं नाही. त्याच्या गिळण्यात मेंदूचा वाटा किती आणि टाळूचा किती, यावर ते आहे.

कॅल्शियम सुरू झाल्यापासून चौदा महिन्यांत झटका आलेला नाही. जन्मानंतरचा झटका आणि पुढचे तापातले झटके कॅल्शियमचे होते असं म्हणायचा मोह होतो, पण असे मेंदूही झटके देतात, म्हणून झटक्यांचं औषध न्यूरॉलॉजिस्टने बंद केलेलं नाही. मूत्रपिंड एकच असल्याने दरवर्षी रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं पाहायची. तापाला आयबुप्रोफेन द्यायचं नाही. मेडिकलवाल्याला हे सांगायला आजी स्वतः जाते.

वेगळं काय करता आलं असतं

कपडे काढून पाहणं, हे उघड आहे. फिजिओथेरपिस्टने ते करावं का, यावर आमच्यात मतभेद आहेत. माझं मत: पहिल्या भेटीत आईसमोर, दार लावून, बालरोगतज्ज्ञांनी पाहावं आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा, आणि आम्ही विचारावं, “अंघोळ घालताना काही वेगळं दिसतं का?” हा प्रश्न अंघोळ घालणाऱ्या माणसालाच विचारावा. आमच्याकडे ती बहुधा आजी असते आणि ती केंद्रात येत नाही.

एमआरआय पहिल्या वर्षातच मागायला हवा होता. सीटी ‘नॉर्मल’ आणि मूल उघडच नॉर्मल नाही, ही विसंगती आम्ही अडीच वर्षं फाइलमध्ये ठेवून घेतली. एमआरआयची आणि ऑपरेशनची भूल एकत्र जुळवता आली असती तर ओमला दुसऱ्यांदा गुंगीचं औषध द्यावं लागलं नसतं. आम्ही तारखाच विचारल्या नाहीत.

आणि आई-वडिलांचं रक्त. ते पाठवण्याआधी कुणीही त्यांना विचारलं नाही की, तुमच्यापैकी एकात हा बदल निघाला तर घरात काय होईल? तो आईत निघाला असता तर ग्रहणाची जागा तिच्या रक्ताने घेतली असती. निघाला नाही, हे केवळ नशीब. ते बोलणं आधी व्हायला हवं होतं, दोघांशी मिळून आणि मग दोघांशी वेगवेगळं.

तक्रारीची फाइल वडिलांनी मोडलेली नाही, पुढेही नेलेली नाही. दवाखान्याच्या फाइलमध्ये अजूनही सर्वांत वर ते डिस्चार्ज कार्ड होतं, आणि नवीन प्रत्येक डॉक्टर ‘बर्थ अ‍ॅस्फिक्सिया’ वाचून मान हलवायचा. गेल्या महिन्यात ओमची आई ओपीडीच्या बाकावर बसून फाइलची दोरी सोडत होती. तिने जनुकांचा अहवाल काढून वर ठेवला, त्याखाली कॅल्शियमची चिठ्ठी, त्याखाली सोनोग्राफी. कार्ड तळाशी गेलं.